वळणावरची खरखर

माझ्या सासूबाई निवृत्त झाल्यावर धावायला लागल्या. त्याआधी मी त्यांना बससाठीसुद्धा धावताना पाहिलं नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून त्यांचं सगळं आयुष्य खुर्चीवर, कानाला हेडफोन लावून गेलं होतं. निरोप समारंभात मिळालेली शाल त्यांनी कपाटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. "जन्मभर बसले गं. आता बसणार नाही," एवढंच म्हणाल्या. आम्हाला वाटलं, चार दिवसांची हौस आहे. सोसायटीतल्या बायकांनाही तसंच वाटलं आणि त्यांनी ते तोंडावर बोलूनही दाखवलं. सासूबाईंनी पंजाबी ड्रेसवरची ओढणी घरी ठेवली, छातीवर रेडिओ बांधला आणि निघाल्या.

आम्ही अंधेरीला, मरोळच्या बाजूला राहतो. घरापासून दहा-पंधरा मिनिटं चाललं की आरे कॉलनी लागते. मुख्य रस्त्यावर बस आणि रिक्षांची वर्दळ असते, म्हणून सासूबाईंनी आतला एक रस्ता धरला होता. पहिल्या गोठ्यापासून तळ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. सकाळी त्या रस्त्यावर दुधाचे टेम्पो आणि डोक्यावर पाल्याचे भारे घेऊन निघालेल्या पाड्यावरच्या बायका सोडल्या तर कुणी नसतं. बिबटे असतात. दिसत नाहीत, पण असतात. तशी पाटीच लावलेली आहे. आवाज करत जा, असं पाटी सांगते. म्हणून रेडिओ, असं सासूबाईंचं म्हणणं. माझा नवरा त्यांची चेष्टा करायचा, "आई, त्या बिबट्याला आतापर्यंत लासलगावच्या कांद्याचा भाव पाठ झाला असेल."

रेडिओ तरी केवढा? साबणाच्या वडीहून थोडा मोठा, काळा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. मागचं झाकण कधीच हरवलं होतं. सेल पडू नयेत म्हणून त्याला रबरबँड लावलेला. ब्लाउजच्या उरलेल्या खणाची पिशवी शिवून सासूबाईंनी तिला दोन बंद लावले होते, एक मानेमागून आणि एक पाठीवरून. त्यामुळे कितीही पळालं तरी तो जागचा हलायचा नाही. मिडियम वेव्हवरचं मराठी केंद्र लावायचं, दुसरं काही नाही. निघताना भक्तिगीतं, तळ्यापाशी हवामान आणि बाजारभाव, परत येताना बातम्या. घड्याळ त्यांनी कधी बांधलं नाही.

चौथ्या वर्षी त्यांना काचबिंदू असल्याचं निघालं. दुखत नाही, खुपत नाही, नजर कडांकडून गुपचूप कमी होत जाते, असं डॉक्टरांनी समजावलं. रोज डोळ्यांत थेंब आणि दर सहा महिन्यांनी नजरेची तपासणी. नवऱ्याने तिथेच विचारलं, "आणि आईचं धावणं?"

"रिपोर्ट ठीक येतोय तोवर धावू देत," डॉक्टर म्हणाले. "बिघडला की बंद. कडेचं दिसत नसताना रस्त्यावर पळणं म्हणजे हातपाय मोडून घेणं."

रिक्षात बसल्यावर सासूबाईंनी माझा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही. त्यांच्या आयुष्यात घर होतं, मुलगा होता, पेन्शन होतं, पण त्या सगळ्यात आम्हा सर्वांचा वाटा होता. हे धावणं तेवढं एकट्या त्यांचं होतं. ते आता दर सहा महिन्यांनी एका कागदावर ठरणार होतं.

त्यात नवऱ्याने आणखी एक अट घातली, की एकटीने जायचं नाही. स्वतः तो साडेआठशिवाय उठत नाही. तेव्हा अट त्याची आणि बूट माझे, असा न्याय झाला.

माझ्याविषयी थोडं सांगते, कारण पुढे जे घडलं ते माझ्या स्वभावामुळेच घडलं. मी विम्याच्या ऑफिसात आहे. लोकांच्या क्लेमच्या फॉर्ममधल्या चुका शोधायच्या आणि त्या दुरुस्त करून घ्यायच्या, हे माझं काम. पण ते सहा वाजता सुटत नाही. ठिबकणारा नळ, वाकडी फ्रेम, एका बाजूला कललेला पाट, मला काही बघवत नाही. पाहुणी म्हणून गेले तरी यजमानांच्या कुकरची शिट्टी घट्ट करून येते. नवरा म्हणतो, हिला देवाने घडवलं आणि हातात पान्हा देऊन पाठवलं.

पहिल्या सकाळी मला वाटलं होतं की म्हाताऱ्या माणसाला सांभाळायला चालले आहे. पहिल्या चढावरच माझा भाता झाला. सासूबाई पुढे निघून गेल्या होत्या. त्यांचं धावणं दिसायला काही विशेष नव्हतं. पावलं लहान, कोपर अंगाला चिकटलेले, मान जरा उजवीकडे झुकलेली, फोन ऐकत असल्यासारखी. पण त्यात खंड नव्हता. चढ असो, उतार असो, टेम्पो कानाशी हॉर्न देऊन जावो, पावलांची लय तीच. मी थांबायचे, कमरेवर हात ठेवून वाकायचे, पुन्हा पळायचे, आणि त्या कायम माझ्यापुढे तीस-चाळीस पावलं. मागून मला पांढरे बूट दिसायचे आणि रेडिओ ऐकू यायचा. खोटं कशाला बोलू, आधी मला त्यांचा राग यायचा. मग महिन्या-दोन महिन्यांत तो राग कुठे गेला ते कळलं नाही. सुनेने सासूचं कौतुक करणं आमच्याकडे फारसं रुळलेलं नाही, पण मी ऑफिसात डबा खाताना करायला लागले. "तुझी सासू काय झकास आहे यार," असं मैत्रिणी म्हणायच्या आणि मला उगाच मूठभर मांस चढायचं.

त्या रस्त्यावर एक वळण आहे. लांबच लांब सरळ रस्ता, उजव्या हाताला विजेचा डीपी, आणि लगेच रस्ता एकदम डावीकडे वळतो. बाहेरच्या बाजूला पावसाच्या पाण्याची खोल चर आहे, कठडा नाही. सासूबाई ते वळण अशा घ्यायच्या की बघत राहावं. वेग कमी नाही, बिचकणं नाही, पाणी वळावं तशा सहज वळायच्या. मी डोळे धड असून तिथे दोनदा धडपडले होते.

त्या डीपीपाशी रेडिओची मात्र वाट लागायची. डीपी जवळ आला की खर्रर्र अशी खरखर सुरू व्हायची, निवेदक बाई त्यात बुडून जायच्या, आणि वळून पुढे गेलं की आवाज एकदम बारीक व्हायचा. पुढे उंच तारांखाली आणि तळ्यावरच्या पंपाच्या मोटरीपाशी तेच. मला ते असह्य व्हायचं. "आई, हा रेडिओ बदलूया आता," मी म्हणायचे. त्या म्हणायच्या, "राहू दे गं. त्याचा मला त्रास नाही." मला वाटायचं, काटकसर. त्या पिढीला वस्तू टाकवत नाहीत, आपणच आणून दिली पाहिजे. उंटावरचा शहाणा म्हणतात तो कसा विचार करत असेल, ते मला आता नीट ठाऊक आहे.

आमच्याकडे दसऱ्याला कामाच्या वस्तूंची पूजा होते. पाटावर नवऱ्याचा लॅपटॉप, माझं शिलाई मशीन, स्वयंपाकघरातली विळी, आणि सासूबाई निवृत्त झाल्यापासून हा रेडिओ. त्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. त्या दसऱ्याला मी रेडिओशेजारी एक नवा छोटा स्पीकर ठेवला. त्यांच्या फोनला जोडायचा, की तेच मराठी केंद्र इंटरनेटवरून स्वच्छ ऐकू येतं. आकारही बरोबर पिशवीत मावेल असा, मी मोजून आणला होता. सासूबाईंनी तो कानाशी धरला, बराच वेळ धरला. "स्वच्छ आहे गं आवाज," त्या म्हणाल्या. मी ती दाद समजले. आणि दसऱ्याची वस्तू लगेच वापरायला काढायची, ठेवून द्यायची नाही, हा तर त्यांचाच नियम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच हौसेने स्पीकर त्यांच्या पिशवीत घातला. जुना रेडिओ झेंडूच्या फुलासकट पाटावरच राहिला.

त्या सकाळी पहिल्यांदा मी त्यांच्या बरोबरीने धावत होते. "आज हळू?" मी विचारलं. "नवीन आहे ना. अंदाज घेतेय," त्या म्हणाल्या. मला वाटलं, माझाच दम वाढला. पुढे माझ्या बुटाची नाडी सुटली म्हणून मी खाली वाकले. मान वर केली तेव्हा त्या डीपीजवळ पोचल्या होत्या. रस्ता डावीकडे वळला आणि सासूबाई सरळ गेल्या. थबकल्या नाहीत, पाऊल चुकलं नाही. समोर रस्ता आहे अशा खात्रीने त्या सरळ गेल्या आणि दिसेनाशा झाल्या.

मी धावत कडेला पोचले तेव्हा चरीतून निवेदक बाईंचा आवाज येत होता, अगदी स्वच्छ. हवामान कोरडं राहणार होतं. सासूबाई पालापाचोळ्यात बसल्या होत्या, डावं मनगट उजव्या हातात धरून. "पाय घसरला," मला पाहताच त्या म्हणाल्या. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या.

मनगटाला प्लास्टर बसलं. घरी आल्यावर नवरा त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. तो घाबरला होता आणि घाबरला की तो चिडतो. "बस झालं आई. आता धावणं बंद. डोक्याला लागलं असतं म्हणजे?"

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

भांडतील, दोन सुनावतील, असं मला वाटलं होतं. या बाईने कधी कशाला एका शब्दात बरं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी बूट धुवायला लावले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून कपाटावर ठेवायला सांगितले. मग सकाळी त्या गॅलरीत खुर्चीवर बसायला लागल्या. रेडिओ लावायच्या नाहीत. मी लावून दिला तर थोड्या वेळाने बंद करायच्या. जी बाई बसणार नाही म्हणाली होती ती बसली, आणि ते माझ्याच्याने बघवेना. पण मीही मनातून थोडी सुटल्यासारखी झाले होते, हेही खरं आहे. सकाळची झोप कुणाला नको असते?

ती झोपही धड लागेना. अंगाला सवय झालेली. तीन आठवड्यांनी एका पहाटे मी एकटीच उठून निघाले. दाराशी नवऱ्याने झोपेतच सांगितलं, "एकटी जातेयस तर रेडिओ ने." माझ्या फोनची बॅटरी उतरलेली होती, म्हणून स्पीकरऐवजी तो जुना रेडिओच त्याच्या खणाच्या पिशवीत घालून छातीवर बांधला.

उजाडायचं होतं. रस्त्यावर धुकं होतं, त्यात समोरचं दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. मी खाली मान घालून धावत होते. कुठवर आले ते कळत नव्हतं. आणि रेडिओ खरखरायला लागला. मनात आलं, आलं वाटतं वळण. पाय आपोआप डावीकडे वळले. अर्धवट वळले होते तोवर खरखर होतीच, पुरती वळले तसा आवाज बसला. आणि धुक्यातून डांबरी रस्त्याचा मधला भाग बरोबर माझ्या पायाखाली आला.

मी जागच्या जागी उभी राहिले. परत मागे गेले. डोळे मिटले आणि चालत पुन्हा आले. खरखर सुरू झाली की वळायचं, आवाज बारीक झाला की वळून झालं. डोळे उघडले. मी रस्त्यावर होते. चर चार हात लांब होती.

तिथेच कडेच्या दगडावर बसले मी. त्यांनी डीपीजवळ सरळ टाकलेलं ते पाऊल मला पुन्हा दिसलं. पाय घसरला नव्हता. त्यांना वळण दिसलंच नव्हतं. त्या ते ऐकायच्या, आणि मी त्यांच्या छातीवर खरखर नसलेला स्पीकर बांधून त्यांना पाठवलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, एवढ्यावर भागत नव्हतं. मला रडू आलं, आणि रडतानाच मला त्यांचा भयंकर राग आला.

घरी पोचले तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात एका हाताने मटार सोलत बसल्या होत्या. मी रेडिओ छातीवरून सोडून त्यांच्यापुढे ठेवला. "तुम्हाला किती दिसतं, आई?"

त्यांनी रेडिओवरून हात फिरवला. त्यांना कळलं. "वळणावर गेली होतीस?"

"किती दिसतं ते सांगा."

"आधी पाटलीतून बघावं एवढं दिसायचं," त्या म्हणाल्या. "आता लहान पोरीच्या बांगडीतून बघावं तेवढं. समोरचं दिसतं गं. तुझं तोंड दिसतं. खांदे नाही दिसत."

"मग रिपोर्ट? रिपोर्ट तर ठीक येतायत दोन वर्षं!"

त्या तपासणीत एका पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं असतं. आत कुठे कुठे बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. सासूबाईंनी मटाराची शेंग मोडली आणि सांगितलं, "दिवा लागायच्या आधी आत टिक् असं होतं. अगदी बारीक. टिक् झालं की मी दाबायचे. सगळेच नाही दाबायचे, मधले दोन-चार सोडून द्यायचे. सगळे बरोबर आले तर संशय येईल ना."

मी कपाळावर हात मारला. दोन वर्षं मी लोकांच्या खोट्या क्लेमवर लाल शेरे मारत होते आणि माझ्या घरात ही बाई यंत्राला फसवत होती.

"लाइनवरची खरखर ऐकून आम्ही सांगायचो, जोड सैल झालाय की केबलमध्ये पाणी शिरलंय," त्या म्हणाल्या. "कान आयुष्यभर तयार केला. तो म्हातारपणी कामाला आला, एवढंच."

"आणि स्पीकर? एका शब्दाने म्हणायचंत ना की नको!"

"दसऱ्याची वस्तू. तू एवढी मोजून आणलेली." त्यांनी पुढची शेंग उचलली. "आणि का नको ते सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी माझे बूट कपाटावर ठेवले असते. खरं की नाही?"

खरं होतं. मीच ठेवले असते. मी त्यांच्या समोर बसून मटार सोलायला लागले. बऱ्याच शेंगा झाल्यावर मी म्हणाले, "आई, खोट्या रिपोर्टवर डॉक्टर थेंबच देत राहिले. खरं कळलं असतं तर काही वेगळं केलं असतं. राहिलंय तेही जाईल अशाने. तपासणी खरी द्यायची."

"आणि खरी दिली की धावणं संपलं."

"ते मी बघते."

"नुसतं म्हणतेस की शब्द देतेस?"

"शब्द देते."

त्यांनी माझ्याकडे मान वळवून बघितलं, त्या बांगडीएवढ्या जागेतून. मग त्यांनी स्वतःची अट सांगितली. "तू बरोबर ये. पण वळण आलं, खड्डा आला, असं सांगायचं नाही. माझं मी ऐकेन. तू सांगायला लागलीस ना, की मी आंधळी झाले."

तपासणीच्या खोलीत त्यांनी आपणहून नर्सकडे कानात घालायला कापूस मागितला. मी बाहेर बाकावर बसले होते, दारातून त्यांची पाठ दिसत होती. बटणाचा आवाज मला मोजता आला असता इतका क्वचित येत होता. रिपोर्ट आला तो कडांनी काळाच काळा. सासूबाईंनी डॉक्टरांना त्या टिक् ची गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "आजी, तुम्ही मला दोन वर्षं फसवलंत." गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली राखण्यासाठी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं, औषधंही बदलली. धावण्याचं मी विचारलं. ते म्हणाले, जखम पूर्ण भरल्यावर, वर्दळीच्या रस्त्यावर अजिबात नाही, आणि एकटीने कधीच नाही.

नवऱ्याने त्यातलं फक्त एकच वाक्य ऐकलं, की कडेचं काही दिसत नाही. "एवढं कळल्यावरही तू तिला तिथे नेणार? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"मी नेत नाही रे," मी म्हटलं. "त्याच मला नेतात. तू कधी उठून बघितलंयस का?"

आमचं कडाक्याचं भांडण झालं. इतकं, की सासूबाईंनी दोघांनाही गप्प बसवलं. तिसऱ्या दिवशी नवरा ऑफिसातून आला आणि पेन्सिल सेलचं नवं पाकीट रेडिओपाशी ठेवून हातपाय धुवायला गेला. त्याच्या आईने ते पाकीट उचललं, चाचपलं, आणि पदराने डोळे टिपायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलेलं असूनही टिपले.

ऑपरेशन झालं, प्लास्टर कधीच निघालं होतं, आणि थंडी सरता सरता एका सकाळी मी कपाटावरचे बूट खाली काढले. सासूबाईंनी आतले कागदाचे बोळे एकेक करून काढले. मी पिशवीचे बंद बांधायला पुढे झाले तशी म्हणाल्या, "मी बांधते." बांधले. रेडिओ लावला.

उजाडलेलं होतं. त्या पुढे, मी या वेळी दोनच पावलं मागे. महिनोन्महिने बसलेली बाई, हळू धावेल असं वाटलं होतं. पहिली काही पावलं तशी टाकलीही. मग मान उजवीकडे झुकली, कोपर अंगाला चिकटले, आणि ती लय लागली. मला दम लागला, बरं वाटलं. गोठ्यावरचा माणूस ओरडला, "आज्जी, किती दिवसांनी!" त्यांनी हात वर केला, थांबल्या नाहीत.

सरळ रस्ता लागला. लांबवर डीपी दिसला. मी ओठ घट्ट मिटले. शब्द दिला होता. पन्नास पावलं राहिली, चाळीस. रेडिओवर हवामान सांगत होते. शब्दन् शब्द कळत होता. तीस पावलं. मला एकदम काहीतरी खटकलं. एव्हाना खरखर सुरू व्हायला हवी होती, ती झाली नव्हती. पंपाची मोटर कुठे ऐकू येत नव्हती. गोठ्यातले ट्यूबलाइट बंद होते. लाइट गेली होती. डीपी मुका होता.

वीस पावलं. सासूबाईंचा वेग तोच. सांगावं तर शब्द मोडतो, आणि नुसता शब्द नाही मोडत, त्या म्हणाल्या होत्या ते होतं. न सांगावं तर समोर चर. हात धरून ओढावं? तेही तेच. मी आयुष्यात इतक्या गोष्टी दुरुस्त केल्या असतील, पण काय करायचं हे मला इतकं सुचेनासं कधी झालं नव्हतं.

दहा पावलं.

"खर्रर्रर्र," मी म्हणाले.

तोंडानेच. घशातून, जीभ टाळूला लावून, जेवढ्या जोरात येईल तेवढ्या जोरात. चव्वेचाळीस वर्षांची, नोकरी करणारी बाई, भर रस्त्यात. पाल्याचा भारा घेऊन समोरून येणारी पाड्यावरची बाई थबकून बघायला लागली. मी थांबले नाही. खर्रर्र करत राहिले, आणि सासूबाई वळल्या. बिचकल्या नाहीत, वेग कमी केला नाही, पाणी वळावं तशा वळल्या. त्या पुरत्या वळल्या तसा मी आवाज बारीक केला, मग बंद केला. पांढरे बूट रस्त्याच्या मधोमध पडत होते.

तळं दिसायला लागल्यावर, मागे न बघता, त्या म्हणाल्या, "लाइट गेलीय वाटतं आज."

"हो, आई."

"तरीच." चार पावलं. "खरखर जरा कमी कर. डीपी एवढा ओरडत नाही."